गळती नेमकी कुठे? हर्णेहून निघालेल्या पॅकेटची गोष्ट

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं : "हर्णे येथील जोडणीत सुमारे १ टक्का पॅकेट गळती आढळते." वाक्य छान होतं, आकडा होता, आलेख होता. फक्त ते खोटं होतं. गळती हर्णेला नव्हतीच. ती आमच्याच संस्थेच्या दारात होती आणि मी सहा आठवडे तिचं खापर एका बंदरावर फोडत होतो.

संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी ही गोष्ट लिहितोय. नेटवर्क तुमचा विषय असेलच असं नाही. पण "दोष कुठे आहे" हा प्रश्न प्रत्येक विषयात येतो, आणि माझ्या बाबतीत त्याचं उत्तर यंत्रापेक्षा इतिहासात जास्त सापडलं. म्हणून हा लेख अर्धा दुरुस्तीचा आणि अर्धा इतिहासाचा आहे.

काय मोजत होतो

हर्णे बंदर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथला लिलाव माहीत असेल. होड्या किनाऱ्यापासून थोड्या लांब थांबतात, मासळी बैलगाडीने किंवा छोट्या होडीने वाळूवर येते आणि तिथेच बोली लागते. बोलीच्या वेळी प्रत्येकाच्या कानाला फोन. माझा प्रश्न साधा होता : त्या तास-दोन तासांच्या गर्दीत तिथल्या नेटवर्कचं काय होतं? बंदराजवळ एका खोलीत एक छोटा संगणक ठेवला, त्याला एक मोबाइलची आणि एक ब्रॉडबँडची जोडणी दिली. दिवसभर तो मोजमाप करायचा आणि रात्री सुमारे ४ जीबीची फाइल आमच्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरला पाठवायचा. मोजमापाचा एक भाग मुंबईतल्या एका बाहेरच्या सर्व्हरशी होता, दुसरा आमच्या सर्व्हरशी.

फाइल काही जाईना. लॉगिन व्हायचं, फोल्डरची यादी दिसायची, चार ओळींची फाइल क्षणात पोचायची. मोठी फाइल सुरू केली की पहिल्या काही केबीनंतर सगळं ठप्प. ना चूक दाखवायची, ना तुटायची. नुसती लटकून राहायची.

सगळ्यांचं निदान एकच : "अहो, कोकणातलं नेट ते!" मीही मान डोलावली. घरमालक काका मात्र म्हणाले, "आमच्याकडे पोरं रात्रभर व्हिडिओ बघतात, ते कसे चालतात मग?" हा प्रश्न मी तेव्हाच वहीत लिहायला हवा होता. नाही लिहिला.

गळती हा निरोप आहे, हे कधी कळलं

आता थोडं मागे जाऊ. इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते. वाटेत पॅकेट हरवलं तर टीसीपी नावाची पद्धत ते पुन्हा पाठवते. सुरुवातीला कल्पना एवढीच होती : हरवलं, पुन्हा पाठव. ऑक्टोबर १९८६ मध्ये या कल्पनेची मर्यादा उघडी पडली. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर होतं साधारण ४०० यार्ड. त्या दुव्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. कारण असं की मार्ग तुंबल्यामुळे पॅकेट हरवत होती, हरवली म्हणून यंत्रं ती पुन्हा पाठवत होती आणि पुन्हा पाठवल्यामुळे मार्ग आणखी तुंबत होता.

व्हॅन जेकबसन यांनी यावर काम केलं आणि १९८८ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यातला गाभा असा : पॅकेट हरवणं म्हणजे "पुढे गर्दी आहे, सावकाश ये" असा निरोप समजा. हरवलं की वेग कमी करा, मग हळूहळू वाढवा. आज तुमच्या फोनमध्येही या विचाराचे वंशज चालतात.

हे सगळं घडत होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं? १९८६ मध्येच अर्नेट प्रकल्प सुरू झाला. तेव्हाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची एनसीएसटी अशा आठ संस्था त्यात होत्या. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जाणारा जो दुवा सुरू झाला, त्याचा वेग सेकंदाला ६४ हजार बिट होता. म्हणजे १ एमबीची फाइल सगळं काही सुरळीत चालून, दुसरं कुणी वापरत नसताना, दोन मिनिटांहून थोडी जास्त घेणार. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. इतक्या अरुंद वाटेवर एक पॅकेट वाया जाणं म्हणजे काय, हे त्या पिढीला आकड्यांशिवाय कळत असणार.

पुढे १९९७ मध्ये मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं. ते वहीत लिहून ठेवा. टीसीपीचा वेग साधारणपणे पॅकेटच्या आकाराच्या सम प्रमाणात असतो. जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो. आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. माझे आकडे घालून बघा. एका पॅकेटमध्ये १,३६० बाइट, जायला-यायला ४० मिलिसेकंद, गळती १ टक्का. उत्तर येतं सेकंदाला सुमारे २.७ मेगाबिट. तुमची लाइन शंभर मेगाबिटची असो की हजारची, ते उत्तर बदलत नाही. "शंभरातलं एकच तर हरवतंय" असं म्हणणाऱ्याला हे सूत्र दाखवायचं. अमेरिकेच्या ईएसनेट या संशोधन नेटवर्कच्या लोकांनी २०१३ च्या निबंधात एक उदाहरण दिलंय : राउटरचं एक कार्ड २२ हजारांत एक पॅकेट टाकत होतं. तेवढ्यानेही लांब पल्ल्याची देवाणघेवाण कोलमडली, आणि यंत्राच्या स्वतःच्या तक्रारयादीत त्याची नोंदच नव्हती.

भिंत कशी उभी राहिली

हर्णेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. आंग्र्यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक घ्यावं लागे. दस्तक असेल तर जा, नसेल तर पकडले जाल. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सच्या आरमाराने, पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. फायरवॉलचं काम दस्तक तपासण्याचंच. एक फरक मात्र मोठा आहे. जहाज अडवलं तर त्याची बातमी बंदरोबंदरी पोचायची. फायरवॉलला पॅकेट आवडलं नाही तर ती बहुतेक वेळा ते गुपचूप टाकून देते. पाठवणाऱ्याला कळतच नाही. गर्दीत हरवलं की दारात अडवलं, हे त्याच्या बाजूने सारखंच दिसतं.

सुरुवातीच्या इंटरनेटला दारं नव्हती, कारण एकमेकांना ओळखणारी माणसंच ते वापरत होती. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री मॉरिस वर्मने हजारो यंत्रं जाम केली आणि तो भाबडेपणा संपला. पॅकेटचा पत्ता बघून आत सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या गाळण्या त्याच सुमारास आल्या. १९९४ मध्ये चेक पॉइंटची फायरवॉल-१ बाजारात आली. कुठलं पॅकेट कुठल्या संभाषणाचा भाग आहे हे लक्षात ठेवणारी ही पद्धत होती. तेव्हापासून प्रत्येक संस्थेच्या दारात एक पहारेकरी आहे, आणि त्याच्या हातात नियमांची यादी.

माझा इतिहासाचा मुद्दा इथे सुरू होतो. त्या यादीतला जवळपास प्रत्येक नियम कधीतरी झालेल्या एखाद्या अपघाताचं उत्तर असतो. अपघात विसरला जातो, नियम राहतो.

तीन जुन्या भीती

पहिली भीती आयसीएमपीची. इंटरनेटची निरोप्या यंत्रणा म्हणजे आयसीएमपी. पिंग त्यातलंच. १९९० च्या नोव्हेंबरात मोगुल आणि डीअरिंग यांनी आरएफसी ११९१ लिहिला. त्यात पद्धत अशी : पाठवणाऱ्याने मोठं पॅकेट "तुकडे करू नका" असा शिक्का मारून सोडायचं. वाटेत कुठे अरुंद जागा लागली तर तिथला राउटर ते टाकून देईल आणि आयसीएमपीने उलट निरोप पाठवेल, "माझ्याकडून एवढ्याच मापाचं जातं." मग पाठवणारा माप कमी करेल. सगळा खेळ त्या उलट्या निरोपावर.

पण १९९६-९७ मध्ये अवाढव्य पिंग पाठवून यंत्रं बंद पाडण्याचा प्रकार गाजला. पाठोपाठ दुसऱ्याच्या नावाने पिंग पाठवून, शेकडो उत्तरांचा मारा त्याच्यावर करायचा स्मर्फ हल्ला आला. त्याबद्दलची सीईआरटीची सूचना जानेवारी १९९८ ची आहे. नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी घाबरून सरसकट आयसीएमपी बंद केलं. पिंगबरोबर मापाचा निरोपही मेला. सप्टेंबर २००० मधला आरएफसी २९२३ या दुखण्याचं वर्णन करतो : जोडणी होते, छोटी पॅकेट जातात, मोठी एका काळ्या विवरात नाहीशी होतात. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा हर्णेच्या खोलीत कुणीतरी माझ्या मागे उभं राहून लिहिल्यासारखं वाटलं.

दुसरी भीती अनोळखी चिन्हांची. पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर "गर्दी आहे" अशी खूण करावी, ही सॅली फ्लॉइड वगैरेंची कल्पना २००१ मध्ये आरएफसी ३१६८ म्हणून मान्य झाली. त्यासाठी टीसीपीच्या शीर्षकातले, आजवर रिकामे ठेवलेले दोन बिट वापरले. पण अनेक फायरवॉलना शिकवलेलं होतं की रिकाम्या जागी काही दिसलं तर तो चोर आहे. ती पॅकेट नाकारली गेली. फ्लॉइड यांनी ऑगस्ट २००२ मध्ये या वागण्यावर वेगळा आरएफसीच लिहिला, ३३६०. गर्दी कमी करणारी सुधारणा सुरक्षेच्या दारात अडली. माझ्या तक्रारीत हिचा हात नव्हता, पण नमुना ओळखायला ती उपयोगी पडली.

तिसरी भीती केबलच्या दोन टोकांची. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं इथरनेट आलं आणि त्याबरोबर दोन्ही टोकांनी आपापसात वेग आणि पद्धत ठरवायची सोय आली. सुरुवातीच्या यंत्रांत ही बोलणी नीट जमत नसत. म्हणून जुने जाणते सांगू लागले : वेग हाताने पक्का करून टाका. १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट आलं आणि त्यात ही बोलणी सक्तीचीच झाली. सल्ला मात्र लोकांच्या डोक्यात राहिला.

परत हर्णेला

आता दुरुस्ती कशी झाली ते सांगतो. युक्ती मला लिलावातल्या एका मावशींनी दिली, त्यांच्या नकळत. टोपल्या कमी भरल्या म्हणून त्यांचं आणि गाडीवाल्याचं भांडण चाललं होतं. मावशी म्हणाल्या, "होडीवर मोज, गाडीवर मोज, वाळूवर मोज. मग बोल." मी आजवर फक्त वाळूवर मोजत होतो.

पहिली मोजणी : हर्णेहून मुंबईच्या बाहेरच्या सर्व्हरला फाइल पाठवली. सेकंदाला १८ मेगाबिट, विनातक्रार. म्हणजे होडी ठीक. काकांचा प्रश्न इथे उत्तरासकट परत आला.

दुसरी मोजणी : "तुकडे करू नका" हा शिक्का मारून वेगवेगळ्या मापांचे पिंग. मुंबईच्या सर्व्हरला १,४९२ बाइटचं पॅकेट जात होतं. आमच्या सर्व्हरकडे १,४०० पर्यंत उत्तर, १,४०१ ला शांतता. चूक सांगणारा निरोपही नाही. फायरवॉलच्या आत, आमच्या इमारतीकडे जाताना एक टनेल होता आणि त्याचं माप १,४०० होतं. त्या राउटरने बिचाऱ्याने निरोप पाठवला होता. फायरवॉलचा नियम होता : पिंग सोडा, बाकी आयसीएमपी अडवा. सर्व्हरवरून फाइल उतरवताना हा त्रास व्हायचा नाही, कारण तेव्हा निरोप आतल्या आतच पोचायचा. बाहेरून मोठी फाइल चढवणारा मी एकटाच. म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

हर्णेच्या संगणकाचं माप १,४०० केलं आणि फाइल जायला लागली. मी खूश. पण वेग २.५ ते ३ मेगाबिटच. ४ जीबीला तीन तासांच्या वर. आणि हाच तो १ टक्का, जो मी हर्णेच्या नावावर लिहिला होता.

तिसरी मोजणी करायला नेटवर्क विभागाची मदत लागली. मी "तुमची फायरवॉल पॅकेट टाकतेय" असं पत्र लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं आणि म्हणाल्या, "आरोप पाठवू नकोस, मोजणी पाठव." तसं केलं. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला आणि आतल्या बाजूला एकाच वेळी पॅकेट पकडली. जेवढी आत शिरली तेवढीच पलीकडे निघाली. फायरवॉल निर्दोष! सर्व्हरवर मात्र शंभरात एक कमी. म्हणजे गळती फायरवॉल आणि सर्व्हर यांच्यामध्ये कुठेतरी.

फायरवॉलच्या त्या पोर्टवर कुणीतरी फार पूर्वी १०० मेगाबिट, दुहेरी, असं हाताने पक्कं केलं होतं. समोरचा स्विच बोलणी करायला तयार होता, पण पलीकडून कुणी बोलेना. अशा वेळी स्विचने वेग ओळखला आणि नियमानुसार एकेरी पद्धत धरली. एक टोक कधीही बोलणार, दुसरं "समोरचा गप्प झाला की बोलेन" म्हणणार. हलक्या रहदारीत काही होत नाही, म्हणून पिंग स्वच्छ दिसायचं. मोठी फाइल एका दिशेने आणि तिच्या पोचपावत्या उलट दिशेने येऊ लागल्या की टक्कर. स्विचच्या मोजणीत उशिराच्या टकरी, फायरवॉलच्या मोजणीत खराब चौकटी, दोन्ही आकडे वर्षानुवर्षं वाढत होते. बघितले कुणी नव्हते.

दोन्ही टोकं आपोआप ठरवण्यावर ठेवली. मापाचा निरोप फायरवॉलमधून सोडला. सगळं आयसीएमपी नाही, हवा तेवढाच प्रकार. त्या रात्री फाइल अर्ध्या तासात पोचली.

हिशेब

आता कटू भाग. आमच्या सर्व्हरशी केलेली सहा आठवड्यांची सगळी मोजमापं मला बाजूला ठेवावी लागली. त्यांत हर्णे किती आणि आमचा स्विच किती, हे वेगळं काढायचा प्रामाणिक मार्ग नव्हता. तोवर मे संपला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर, लिलाव नाही, म्हणजे माझा प्रश्नच दोन महिने बंद. ऑगस्टमध्ये पुन्हा सुरुवात केली. मुंबईच्या सर्व्हरशी केलेली मोजमापं तेवढी वाचली, आणि ती सांगतात की ब्रॉडबँडच्या जोडणीवर लिलावाच्या वेळी फारसा फरक पडत नाही. मोबाइलवर पडतो. तो वेगळा लेख.

मला जास्त टोचलं ते दुसरंच. ते वाक्य छापलं गेलं असतं तर पुढच्या कुणीतरी "ग्रामीण कोकणातील जोडणी निकृष्ट" म्हणून त्याचा दाखला दिला असता. कुणाला शंका आली नसती, कारण ते ऐकायला खरं वाटतं. जे निष्कर्ष आधीच पटलेले असतात त्यांची मोजणी आपण दुसऱ्यांदा करत नाही.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, मोजणीची किमान तीन ठिकाणं ठेवा आणि त्यातलं एक तुमच्या संस्थेच्या बाहेर असू द्या. तुमची संस्थाही प्रयोगाचा भाग आहे, ती तटस्थ फूटपट्टी नाही. दोन, विचित्र नियम दिसला की "हा मूर्खपणा कुणी केला" असं विचारू नका. "हा नियम लिहिला तेव्हा काय घडलं होतं" असं विचारा. नेटवर्कमध्ये याचं उत्तर शोधणं सोपं आहे. १९६९ पासूनचे आरएफसी क्रमांकासह, तारखेसह, फुकट वाचायला मिळतात, आणि एकदा प्रसिद्ध झालेला आरएफसी बदलत नाहीत. चूक सुधारायची तर नवा लिहितात. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगलं दप्तर क्वचितच मिळेल.

आयसीएमपी अडवणारा आणि पोर्टचा वेग पक्का करणारा, दोघेही त्यांच्या काळात शहाणे होते. दोघांनीही नियमाशेजारी कारण लिहून ठेवलं नाही, एवढंच. आमच्या फायरवॉलच्या नव्या नियमाशेजारी आता एक ओळ आहे : तारीख, कारण आणि "हे कारण उरलं नाही तर हा नियम काढा." प्रकरण तिसरं मी अजून लिहितोय. मोजमापाच्या प्रत्येक स्तंभावर आता लिहिलेलं असतं : होडीवर, गाडीवर की वाळूवर.